किपर पाहिजे, जावई चालेल

आमच्या गावाची दोह्यात क्रिकेटची टीम आहे. गाव लहान, रत्नागिरीकडे, खाडीच्या काठाला, पण जवळजवळ प्रत्येक घरातला एखादा माणूस कतारमध्ये असल्यामुळे अकरा जण जमतात. बारावा जमवताना मात्र तोंडाला फेस येतो. टीमचा नियम एकच आणि तो मोडायचा नाही. खेळणारा गावचा पाहिजे, नाहीतर गावचा जावई. बाहेरचा माणूस कितीही मोठा खेळाडू असो, त्याने चटईवर बसून टाळ्या वाजवायच्या. कोकणातल्या अशा बऱ्याच गावांच्या टीमा इथे आहेत. उन्हाळा सरला की दर शुक्रवारी सकाळी, जुम्म्याच्या नमाजाआधी, शहराबाहेरच्या उघड्या मैदानावर त्यांची स्पर्धा चालते. बॉल टेनिसचा, पण भांडणं खरीखुरी.

आमचे हे टीमचे क्याप्टन. वय झालं, पोट सुटलं, तरी टोपी काही उतरत नाही. हे हळू बॉल टाकतात. इतका हळू की मारणाऱ्याला राहवत नाही, तो पुढे पळत येतो आणि चुकतो. मग मागे बसलेल्या किपरने बॉल धरायचा आणि स्टम्प उडवायचे. विकेट यांच्या नावावर लागते, काम किपरचं. हे मी मनातल्या मनात म्हणते. मी चारचौघांत बोलणारी बाई नाही. मैदानावरसुद्धा मी गाडीत काच अर्धी उघडून बसते आणि मागितला की चहा देते. पण काच अर्धी उघडी असली तरी दिसतं पूर्ण.

यांना एक वाईट खोड आहे. घरात कुणीही आलं की त्याच्या अंगावर अचानक काहीतरी फेकायचं. किल्ल्या, लिंबू, टीव्हीचा रिमोट. पहिली वस्तू डोक्याकडे, दुसरी पायाशी, हे ठरलेलं. का, तर हात कसे आहेत ते कळतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माझ्याही अंगावर कपाटाच्या किल्ल्या फेकल्या होत्या. मी घाबरून ओढणी पुढे केली, किल्ल्या ओढणीत पडल्या. "बगा, जमला!" असं म्हणून हे खूश झाले, आणि मला वाटलं, या घरात आपलं काही खरं नाही.

गेल्या सीझनला आमचा किपर चांगला होता. पण उन्हाळ्यात तो व्हिसा कॅन्सल करून कायमचा गावी गेला. विमानतळावर सोडायला सगळी टीम गेली होती. त्याची आई गावाला त्याची वाट बघत होती, बायको वाट बघत होती, आणि इथे आमचे हे रुमाल डोळ्याला लावून उभे. घरी आल्यावर म्हणाले, "गेला. आता मागं कोन बसंल?"

जणू घरातला कर्ता माणूस गेला.

आता माझ्या नणंदेबद्दल सांगायला हवं, कारण या सगळ्याचा त्रास तिलाच व्हायचा होता. यांची ही सगळ्यात धाकटी बहीण. सासू-सासरे राहिले नाहीत, म्हणून ती आमच्याकडेच ओल्ड एअरपोर्ट भागातल्या फ्लॅटमध्ये राहते आणि दातांच्या दवाखान्यात नोकरी करते. दिवसभर लोकांना "तोंड उघडा" म्हणते आणि घरी आल्यावर भावासमोर स्वतःचं तोंड उघडत नाही. माझ्यासमोर मात्र उघडते. एकदा कोळंबी सोलता सोलता म्हणाली, "भाभी, मना एक जण आवडतो."

मी म्हटलं, "कुठला?"

ती म्हणाली, "खाडीपलीकडचा."

माझ्या हातातली कोळंबी पाण्यात पडली. खाडीपलीकडचं गाव म्हणजे आमच्या गावाचं जुनं वैर. ते कशावरून आहे हे आता कुणाला धड सांगता येत नाही, होडीच्या धक्क्यावरून की आंब्याच्या झाडावरून, पण आहे. त्यात गेल्या सीझनला फायनलमध्ये त्यांनीच आम्हाला हरवलं. त्या रात्री हे न जेवता झोपले आणि झोपण्याआधी भिंतीकडे तोंड करून म्हणाले होते, "खाडीपलीकडं पानी देईन, पोरगी देनार नाय." तेव्हा कुणी पोरगी मागितलीही नव्हती.

हा पोरगा त्यांच्या टीममधला दुसरा किपर. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत कामाला, स्वभावाने गरीब. त्यांचा पहिला किपर इतका चांगला की याला कधी मैदानात जायलाच मिळत नाही. अख्खा सीझन हा हातमोजे घालून चटईवर बसलेला. आणि त्यांची चटई आमच्या गाडीच्या शेजारी. नणंद थर्मासमधून चहा ओतणार, हा बाजूला रिकामा बसलेला. मग व्हायचं ते झालं. त्यांचा पहिला किपर एखाद्या दिवशी आजारी पडला असता तर ही गोष्टच घडली नसती.

इकडे गावाहून यांच्या चाचीचा रोज फोन. चाचीने आमच्याच गावातलं एक स्थळ नणंदेसाठी आणलं होतं. पोरगा रियाधला, घरावर स्लॅब टाकलेला, अंगणात बोअरिंग. चाचीला उत्तर हवं होतं. हे म्हणाले, "सीझन चालू व्हायच्या आदी शब्द देतो. आदी मना किपरचा बगू दे." म्हणजे सीझन सुरू होईपर्यंत नणंदेला वेळ होता. एकदा यांनी चाचीला शब्द दिला की खलास. हे दिलेला शब्द मागे घेत नाहीत, आणि चाचीने तो तोवर गावभर पोचवलेला असतो.

नणंद मला म्हणाली, "भाभी, तू भाईला सांग ना."

मी म्हटलं, "मी? मी वॉचमनला पानी नाय आला हे सांगायला लाजते."

ते खरंच होतं. पण रात्रभर माझ्या डोक्यात तो नियम फिरत राहिला. गावचा, नाहीतर गावचा जावई.

यांनी किपर निवडायला एका शुक्रवारी सकाळी आमच्या बिल्डिंगच्या मागे, जिथे वाळूत गाड्या लावतात तिथे, तिघांना बोलावलं. आपल्याकडे कोण कोण आहे, कोण किती टिकेल, एक आजारी पडला तर दुसरा कोण, सगळं बघायचं होतं. एक यांचा चुलतभाऊ, सुपरमार्केटच्या बेकरीत काम करणारा. हात पावाच्या कणकेसारखे मऊ, बॉल हातात आला की सुटत नाही. दुसरा शाळेची बस चालवणारा, मजबूत, पण बॉल जवळ आला की डोळे मिटतो. बस चालवताना काय करतो, अल्ला जाणे. तिसरा ऑफिसातला क्लार्क, उंच, मोबाईलवर किपिंगचे व्हिडिओ बघून सगळं पाठ केलेला. तो बॉल धरत नाही, पण का धरला नाही ते इंग्रजीत सांगतो.

खरी भीती मला बेकरीवाल्याची होती. तो जमला असता.

हे आदल्या दिवशी म्हणाले, "सकाळी त्या तिघांना चहा दे नुसता."

मी मान हलवली. मग मन्सुऱ्यातल्या मलबारी दुकानातून नारळ आणले, मटणाचा खिमा आणला, आणि पहाटे उठून घावणे घातले. सांदणं वाफवली. नारळाचं दूध गूळ घालून पातेलंभर केलं. नणंद डोळे चोळत स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "भाभी, ईद हाय काय?"

मी म्हटलं, "पाहुने येनार हायत. पाहुन्यांना उपाशी ठेवायचा नसतो."

ती पातेल्याकडे बघत राहिली. मग हळूच हसली आणि खोबरं किसायला बसली.

किपरला उकिडवं बसावं लागतं, तेही प्रत्येक बॉलला. उकिडवं बसायचं तर पोटात जागा पाहिजे. हे समजायला क्रिकेट यावं लागत नाही, बाळंतपण झालेल्या कुठल्याही बाईला कळतं.

तिघे आले. बेकरीवाल्याने पहिला घास घेतला आणि म्हणाला, "भाभी, हा खिमा हाय का जादू?"

"घ्या अजून," मी म्हटलं. माझ्या तोंडून चारचौघांत दोन शब्द निघाले म्हणून हे चकित होऊन बघायला लागले.

"बस कर, त्यांना खेळायचा हाय," हे म्हणाले.

"एकच घावन," मी म्हटलं, आणि दोन वाढले. सांदण नको म्हणणाऱ्याच्या ताटात नारळाचं दूध ओतलं. एकदा दूध ओतलं की सांदण खावंच लागतं, दूध वाया घालवता येत नाही. आमच्याकडे अन्न टाकणं पाप. तिघांनीही पाप टाळलं.

मग सगळे खाली उतरले. मी आणि नणंद स्वयंपाकघराच्या खिडकीत. हवा दमट, वाळू कालच्या उन्हाने अजून गरम. यांनी बॉल टाकायला सुरुवात केली.

बेकरीवाला पहिल्यांदा बसला तो नीट बसला. दुसऱ्यांदा बसला तो हळूच बसला. तिसऱ्यांदा बसला आणि उठेना. हे ओरडले, "काय झाला?"

"काय नाय, जरा टेकलो."

"किपर टेकतो काय?"

"भाई, तुम्ही टाकत राहा, मी इथूनच धरतो." आणि तो खरोखर वाळूवर मांडी घालून बसला. त्याच्या मांडीवर आलेला बॉल त्याने धरला, बाकीचे गेले. शेवटी त्याने एक ढेकर दिली. खिडकीपर्यंत ऐकू आली. नणंदेने तोंडात ओढणी कोंबली.

बसवाल्याने डोळे मिटले. ते खिम्यामुळे नव्हतं, ते त्याचं आधीपासूनचं. पण खिम्यामुळे मिटलेले डोळे उघडायला वेळ लागत होता.

क्लार्क उभ्याउभ्याच किपिंग करायला लागला. हे म्हणाले, "वाक!" तो म्हणाला, "आजकाल सगळे उभ्यानेच सुरुवात करतात, क्याप्टन. नवी टेक्निक हाय." त्याच्या दोन पायांमधून बॉल गेला आणि कुणाच्या तरी पांढऱ्या गाडीखाली जाऊन बसला. तो बाहेर काढायला तिघांपैकी कुणालाच वाकता येईना. शेवटी वॉचमनने झाडूच्या दांड्याने काढून दिला आणि विचारलं, "ये लोग बीमार है?"

यांनी टोपी काढून कपाळाला वारा घेतला. वर येऊन सोफ्यावर बसले आणि कुणाशी न बोलता म्हणाले, "एक बसतो तो उठत नाय. एक बगत नाय. एक गप बसत नाय. तिघांचा मिळून पन एक किपर व्हनार नाय."

माझी लेक शाळेचा अभ्यास करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "पापा, यू नीड अ बॅकअप प्लॅन."

"मना आदी प्लॅन नाय, बॅकअप कशाचा देऊ?" हे म्हणाले.

त्या दिवशी जुम्म्यानंतर मामू आले. मामू आमच्या नात्यातले नाहीत, पण दोह्यातल्या सगळ्या गावाचे मामू आहेत. जुने स्टोअरकीपर, केस पांढरे, अंपायर आणि नियमांचे जाणकार. कुठला माणूस कुठल्या गावचा हे तेच ठरवतात, आणि तो निकाल सगळ्या टीमा मानतात. कुणाची आजी कुठल्या वाडीतून आली ते त्यांच्या डोक्यात असतं. उरलेला खिमा मी त्यांना वाढत होते. समोर हे, क्लार्क, बसवाला, सगळे बसलेले. बेकरीवाला आतल्या खोलीत झोपला होता. मी विचार केला, आता नाही तर कधी नाही. खाली बघत विचारलं, "मामू, आपल्या टीमात सध्या जावई कोन कोन हायत?"

एवढंच विचारलं. अल्लाशपथ.

मामूंनी घास थांबवला. असा प्रश्न त्यांना फार आवडतो. "सध्या एक बी नाय," ते म्हणाले. "आदी होते ना. त्या सीझनला दोन जावई होते, आपन कप आनला. आता आपल्या पोरी कुठं देतात? रियाध, जेद्दा. तिथला जावई इथं येऊन किपिंग करनार हाय काय? खाडीपलीकडचे बगा. त्यांच्याकडं एक किपर खेळतो आनी एक किपर नुसता बसून चहा पितो. आनी आपल्याकडं एक पन नाय." मग मामूंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "एखादी पोरगी खाडीपलीकडं दिली असती तर हे दिस आले नसते."

स्वयंपाकघरात चमचा पडल्याचा आवाज आला.

 मी ताट उचलून आत गेले, कारण पुढचं बघायची मला हिंमत नव्हती. पण ऐकायची होती. दाराआडून ऐकलं. यांचा आवाज आला: "मामू, तो बसून चहा पितो तो... हात कसा हाय त्याचा?"

नणंदेने माझा दंड असा दाबला की आठवडाभर निळा होता.

यांची एक चांगली गोष्ट आहे. एखादी कल्पना आपल्याला स्वतःलाच सुचली असं यांना वाटलं की मग तिच्यासाठी हे जिवाचं रान करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मला समजावून सांगायला लागले. खाडी काय, पाणी काय, माणसाने मागचं सोडून द्यावं, इस्लाममध्ये वैर ठेवणं बरं नाही. मी मान हलवत ऐकलं. "तुना काय वाटतं?" असं यांनी विचारलं. वीस-बावीस वर्षांत क्वचित विचारलेला प्रश्न. मी म्हटलं, "तुमी म्हनाल तसा."

त्याच संध्याकाळी चाचीचा फोन आला, यांनी स्पीकरवर घेतला.

"काय रे, शब्द देतोस ना? पोरगा लाखात एक हाय."

"चाची, त्याला विकेट किपिंग येते काय?"

चाची म्हणाली, "येत असंल की. शिकलेला हाय."

"नक्की इचार. उजवीकडचा बॉल धरतो का, डावीकडचा धरतो का."

"अरे, पन तू पोरीचा बगतोस का..."

"चाची, मी सगळ्यांचाच बगतो," हे म्हणाले, आणि सिग्नल नाही म्हणून फोन ठेवला. सिग्नल भरपूर होता.

मग खाडीपलीकडच्या पोराला चहाला बोलावलं. तो एकटा कसा येईल, म्हणून मावशीला आणि तिच्या नवऱ्याला, म्हणजे खाला-खालूंना, घेऊन आला. ते अबू हमूरला राहतात. खालू दवाखान्यात स्टोअरला आहेत, क्रिकेटशी त्यांचा संबंध नाही. ते बिचारे पोराची नोकरी, पगार, नमाज, सगळ्याची तयारी करून आले होते.

त्याआधी दुपारी मी नणंदेच्या खोलीवरून जात होते. दार लोटलेलं होतं, आतून तिचा फोनवरचा आवाज आला, हळू पण स्पष्ट. "पहिला डोक्याजवळ येल. दुसरा पायाशी. दुसरा पायाशी, आईकतोस ना? कप उजव्या हातात धर, डावा मोकळा ठेव."

मी पुढे गेले आणि टेबलावरची फळांची टोपली भरून ठेवली. संत्री वर, पेरू खाली. यांच्या हाताला संत्रं चांगलं बसतं.

पाहुणे बसले. हे गंभीर चेहरा करून म्हणाले, "गुडघ्याचा काय त्रास?"

खालू म्हणाले, "हाय ना. जिना चडताना दुखतो. डॉक्टर म्हनतो साखर कमी करा."

"तुमचा नाय. पोराचा."

"पोराचा? नाय, त्याचा काय... तो लिफ्टवाला हाय, त्याला जिना कशाला चडायला लागतो?"

"उन्हात दोन-दोन तास बसवतं?"

खालांनी खालूंकडे बघितलं. "बसतो की," त्या म्हणाल्या. "कुठं बसवायचा हाय त्याला?"

आणि इतक्यात यांचा हात टोपलीकडे गेला. संत्रं सरळ पोराच्या डोक्याच्या दिशेने. पोराच्या उजव्या हातात कपबशी, गुडघ्यावर शेवयांची वाटी. त्याने डावा हात वर केला, संत्रं धरलं, टेबलावर ठेवलं. कपातला चहा हललासुद्धा नाही. खालांनी "या अल्ला!" केलं. तोवर दुसरं संत्रं निघालं होतं, खाली, पायाशी, डाव्या बाजूला. पोरगा बसल्या जागी वाकला आणि ते जमिनीला टेकायच्या आत उचललं. मग त्याने दोन्ही संत्री नीट ओळीत ठेवली आणि चहाचा घोट घेतला.

आमचे हे उभे राहिले. डोळे भरून आले होते. "खालू," म्हणाले, "आमच्याकडनं होकार."

खालू म्हणाले, "आमी अजून इचारला कुठं?"

पडद्याआड नणंद भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं, दोघींनी वर छताकडे बघितलं.

यांचा बेत असा होता की आता साखरपुडा करायचा, पोराचं नाव टीममध्ये घालायचं, आणि निकाह उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी, मांडव घालून. नणंदेला इतके महिने थांबायचं नव्हतं. यांचा काय भरवसा, मधल्या काळात बेकरीवाला एखाद्या दिवशी उपाशीपोटी खेळला तर? पण ती भावाला काय सांगणार? तिला काही सांगावं लागलं नाही. खाडीपलीकडच्यांनीच काम केलं. आपला चटईवरचा किपर चालला म्हटल्यावर त्यांना अचानक त्याची किंमत कळली. त्यांचे क्याप्टन मामूंकडे गेले आणि म्हणाले, साखरपुड्याने कोणी जावई होत नाही. निकाह झाला तर जावई. तोवर पोरगा आमचा.

मामूंनी दोन दिवस विचार केला आणि निकाल दिला की बरोबर आहे.

हे घरी आले, बूट न काढताच म्हणाले, "निकाह इथंच करायचा. सीझनच्या आदी. गावची दावत मागनं देऊ."

नणंद खाली मान घालून म्हणाली, "भाई, इतकी घाई कशाला?"

मी तिच्याकडे बघणं टाळलं. बघितलं असतं तर सगळं फुटलं असतं.

"घाई नाय तर काय? पहिली मॅच त्यांच्याशीच हाय!"

"बरा," ती म्हणाली. "तुमी म्हनाल तसा."

कागदपत्रं झाली, निकाह झाला, बिर्याणी झाली. खाडीपलीकडचे सगळे जेवायला आले आणि जाताना त्यांचे क्याप्टन यांना म्हणाले, "मॅचला बगू." चाचीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे ह्याला येते वाटतं, ती किपिंग का काय ती." आणि मग रियाधच्या पोराला दुसरी बघून दिली. चाची रिकामी बसत नाही.

पहिल्या मॅचला उन्हाचा कडाका बराच कमी झाला होता. मी गाडीत, काच अर्धी उघडी. नणंद बाहेर, हातावरची मेंदी अजून लाल, नवीन बांगड्या. जावई स्टम्पच्या मागे बसला. आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या मॅचमध्ये. आमचे हे बॉल टाकायला आले.

खाडीपलीकडचा मारणारा पुढे पळत आला आणि चुकला. सगळं यांच्या मनासारखं. बॉल खाली पायाशी गेला, जावयाच्या डाव्या बाजूने, आणि थेट मैदानाच्या कडेला. चार रन.

यांचं तोंड उघडलं. जुन्या किपरच्या हातून असं झालं की हे त्याला "डोळे घरी फ्रीजमध्ये ठेवून आलास काय?" असं विचारायचे, आणि त्यापुढचं मी लिहीत नाही. सगळी टीम वाट बघत उभी. मामू अंपायर म्हणून उभे होते, तेही वळून बघायला लागले.

पण जावयाला कसं बोलणार? आमच्यात जावयाला मोठ्याने हाकसुद्धा मारत नाहीत. उघडलेलं तोंड यांनी मिटलं, घशातलं सगळं गिळलं आणि म्हणाले, "चालतंय... जावई. होतं असं."

पुढच्या ओव्हरला पुन्हा तसंच. पुन्हा पायाशी, पुन्हा चार. यांचा चेहरा वांग्यासारखा झाला. "काय हरकत नाय," असं इतक्या गोड आवाजात म्हणाले की बसवाल्याला हसू आवरेना, तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पळत गेला. खाडीपलीकडचे चटईवर लोळत होते. त्यांच्या लक्षात आलं होतं. आमच्या क्याप्टनना वर्षानुवर्षं किपरवर ओरडायची सवय, तीच आता बंद झाली होती, आणि यांना जन्मभर असंच गोड बोलायचं होतं.

मग बांगड्या खणखणल्या. नणंद रेषेपर्यंत गेली होती. जी भावासमोर कधी तोंड उघडत नाही, तिने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली, "अहो! पायाशी! दुसरा पायाशी, सांगितला होता ना!"

जावई चपापून अर्धा पाऊल डावीकडे सरकला. पुढचा बॉल तिथेच आला. त्याने धरला, स्टम्प उडवले. मारणारा तोवर पिचच्या मध्यावर होता. मामूंनी बोट वर केलं.

सगळे ओरडले, उड्या मारल्या. आमचे हे उडी मारता मारता थांबले. मैदानाच्या मधोमध उभे राहून त्यांनी आधी बहिणीकडे बघितलं. मग सावकाश, डोळे बारीक करून, माझ्या गाडीकडे.

मी काच वर करायला गेले, पण गाडी बंद होती, काच वर जाईना.

चहाच्या वेळी हे आले. मी खिडकीतून कप दिला.

"दुसरा पायाशी," हे म्हणाले. "हे तिला कुठनं म्हाईत?"

"मना काय ठाऊक."

एक घोट घेतला. "आनी त्या शुक्रवारी मी नुसता चहा सांगितला होता. इतका खिमा कशाला केलास?"

"पाहुने होते," मी म्हटलं.

"सांदणं?"

"पाहुन्यांना नुसता खिमा कसा द्यायचा?"

यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. तिकडे जावई आणि नणंद चटईवर बसून एकाच कपातून चहा पीत होते, आणि ती त्याला हाताने काहीतरी समजावत होती, डावीकडे, खाली, डावीकडे. खाडीपलीकडचे क्याप्टन ते बघून तोंड वाकडं करत होते.

मग यांनी थर्मासचं झाकण उचललं आणि खिडकीतून माझ्या अंगावर फेकलं.

मी ते ओढणीत झेललं.